खापरपणजोबांच्या मृत्युपत्रात एक बाई सापडली, वंशावळीत ती कुठेच नाही (बडोदा)

बाजवाड्याची नात

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं चाललंय. पुण्याचे एक चुलतकाका सगळ्या शाखांकडून माहिती गोळा करतायत आणि बडोद्याच्या शाखेचं काम माझ्याकडे आलंय. आमचे लोक गायकवाडांच्या नोकरीच्या निमित्ताने इकडे आले ते इथलेच झाले, बाजवाड्यात वाडा होता, तो वडिलांच्या लहानपणीच विकला गेला, आता कुणी कारेलीबागेत, कुणी मांजलपूरला आणि अर्धे परदेशात. वंशावळ म्हणाल तर खापरपणजोबांपर्यंत नीट होती. खापरपणजोबा, त्यांना दोन मुलगे, थोरले म्हणजे माझे पणजोबा आणि धाकटे म्हणजे काकांकडची शाखा. एवढंच सगळ्यांना माहीत आणि तेच सगळे सांगत आलेत.

मध्यंतरी काकूंनी माळा आवरायला काढला तेव्हा जमाखर्चाच्या वह्यांबरोबर एक रुमाल निघाला, म्हणजे लाल कापडात बांधलेले कागद. त्यात वाड्याच्या डागडुजीच्या पावत्या, एक फाटकी पत्रिका आणि बडोदा संस्थानच्या स्टँपपेपरवर मोडीत लिहिलेला दस्त. कागद तीनदा दुमडलेला, घडीच्या जागी इतका विरलाय की एका ओळीतला अर्धा मजकूर गेलाच आहे, शाई तांबूस झालीय, पण प्रत्येक पानाखाली सही ठसठशीत आहे. इथल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतला तर ते खापरपणजोबांचं मृत्युपत्र निघालं! मिती माघ शुद्ध ५ शके १८२३, बाजूला संवत १९५८ पण लिहिलंय. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं वाचलं होतं म्हणून मी १९०१ धरलंय.

मजकूर साधारण असा. वाड्याचा पुढचा भाग थोरल्याकडे, मागचा धाकट्याकडे, विहीर दोघांची. देव थोरल्याकडे, पण गणपतीचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा. कुणाकडून किती येणं, कुणाचं किती देणं, त्यात काही रकमा बाबाशाई आणि काही कलदार. आणि मग तिसऱ्या पानावर एक कलम आहे ज्यावरून मला झोप नाही. त्यात गं. भा. (म्हणजे विधवा) अमुकबाई (नाव इथे लिहीत नाही, घरचे लोक वाचतात) हिला परसदारची खोली हयातभर द्यावी, अन्नवस्त्र द्यावं, वर्षाला दोन लुगडी आणि एक धाबळी द्यावी, एकवार काशीयात्रा घडवावी, आणि तिच्यामागे तिची क्रिया थोरल्याने पुत्रवत करावी असं लिहिलंय. शिवाय दोघा भावांपैकी कोणी तिला घराबाहेर काढू नये, काढील त्याला देवघरावर हक्क नाही. इतकं कडक दुसरं एकही कलम त्या कागदात नाही.

ही बाई कोण? नातं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मते ते सगळ्यांनाच माहीत असणार. आज मात्र आमच्यात एकालाही माहीत नाही. खापरपणजींचं नाव वेगळं आहे आणि त्या मृत्युपत्राच्या आधीच गेल्या, हे पहिल्या पानावरच आहे. वडिलांना विचारलं, काकूंना विचारलं, ह्या नावाची कुणी बाई होती हे कुणी ऐकलेलंच नाही.

कुणाला अशा कागदांचा अनुभव असेल तर सांगा, हिचा शोध कुठे आणि कसा घ्यायचा? आणि एक चुलतभाऊ सारखा विचारतोय की ह्या मृत्युपत्रावरून आता मिळकतीत काही निघेल का, त्याचंही उत्तर जाणकारांनी दिलं तर बरं, म्हणजे तो विषय बंद होईल.

मोडी_वाचक_दांडियाबाजार

ताई, फार मोलाचा कागद आहे, आधी तो वाचवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी त्याचा डिंक कागदच खातो. दिवसाउजेडी खिडकीपाशी सपाट ठेवून मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश नको, प्रत्येक पान पाठपोट. विरलेल्या ओळीचा फोटो तिरप्या उजेडात वेगळा काढा, पुष्कळदा शाई उडाली तरी बोरूचा दाब दिसतो.

आता मिती. ७८ मिळवायचे ते चैत्रापासून साधारण डिसेंबरअखेरपर्यंत. तुमची मिती माघाची आहे, म्हणजे इंग्रजी वर्ष उलटलेलं, तिथे ७९ मिळवायचे. म्हणून हा कागद १९०२ च्या फेब्रुवारीचा. संवत त्याला बरोबर जुळतो, कारण गुजरातेत संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, १९५८ सुरू झाला तो १९०१ च्या नोव्हेंबरात. हे एवढ्यासाठी सांगतोय की सरकारी दप्तरात शोधायला गेलात तर वर्षावरून शोधतात, एका वर्षाच्या फरकाने माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

बाबाशाई आणि कलदारचंही लक्षात ठेवा. बाबाशाई हा बडोदा संस्थानचा स्वतःचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी. बाबाशाई कलदारापेक्षा उतरता होता आणि १९०० च्या आसपास तो बंद होऊन इंग्रजी नाणं चालू झालं, त्यामुळे ज्या रकमा बाबाशाईत आहेत त्या जुन्या देण्याघेण्याच्या, बहुतेक कागदाच्या कित्येक वर्षं आधीच्या. कलदारातल्या ताज्या. त्या बाईच्या कलमात काही रक्कम आहे का आणि कोणत्या नाण्यात आहे ते बघा, त्यावरून ती घरात कधीपासून आहे त्याचा अंदाज येऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागदाची पाठ बघितलीत का? दस्त नोंदवलेला असला तर शिक्के आणि नोंदीचा नंबर मागे असतो. बडोद्यात राजे मराठी, पण कोर्टकचेरीचं कामकाज बरंचसं गुजरातीत चालायचं, त्यामुळे पुढे मोडी आणि मागे गुजराती शेरा असं दिसलं तर दचकू नका. शेवटच्या पानावर साक्षीदार कोण, लिहिणारा कोण, ती नावं गावासकट इथे नाही तरी स्वतःच्या वहीत उतरून काढा. कुणी सहीऐवजी निशाणी केलीय का तेही. नांगर काढलेला असला तर शेतकरी माणूस, बांगडी काढलेली असली तर बाईमाणूस. मी असे पुष्कळ कागद वाचलेत, मुख्य मजकुरात जे सापडत नाही ते साक्षीदारांच्या ओळीत सापडतं.

निवृत्त वकील, रावपुरा

आधी चुलतभावाचं उत्तर देतो. काही निघणार नाही. वाडा विकून पन्नासच्या वर वर्षं झाली, मृत्युपत्र लिहिणारे गेले, घेणारे गेले, त्या बाईचा राहण्याचा आणि अन्नवस्त्राचा हक्क हयातीपुरता होता तो तिच्याबरोबर संपला. लोकांना वाटतं तीस वर्षांपेक्षा जुना कागद कोर्ट आपोआप खरा धरतं. तसं गृहीत धरण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यात होती आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे, पण मृत्युपत्राला ती सवलत लागू होत नाही असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलेलं आहे, मृत्युपत्र कितीही जुनं असलं तरी रीतसर शाबीत करावं लागतं. तेव्हा भावाला सांगा, हा कागद घराण्याचा इतिहास म्हणून लाखमोलाचा आहे, दावा म्हणून नाही.

आता त्या बाईबद्दल, आणि इथे मला खरोखर काही सांगायचंय.

त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा जन्मापासून हक्क, त्यामुळे बापाला ती मृत्युपत्राने मनासारखी देता येत नसे. स्वकष्टार्जित असली तर देता येई. तुमच्या खापरपणजोबांनी वाडा मृत्युपत्राने वाटलाय, म्हणजे एकतर तो त्यांनी स्वतः नोकरीत कमावून बांधला होता किंवा दोन्ही मुलांची संमती होती. शेवटी मुलांनी 'मान्य' असं लिहून सह्या केल्यात का ते बघा.

विधवेचं म्हणाल तर, एकत्र कुटुंबात नवरा वारला आणि मुलगा नसला तर त्याचा हिस्सा भावांकडे जायचा, बाईला फक्त अन्नवस्त्र आणि राहायला जागा. ब्रिटिश मुलखात १९३७ च्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळाला, तोही मर्यादित, आणि पूर्ण मालकी १९५६ मध्ये. आपण १९०२ बद्दल बोलतोय, आणि संस्थानाबद्दल.

त्यातही एक बारकी गोष्ट आहे. मुलगा बापाच्या आधी गेला तर सुनेला पोसण्याची जबाबदारी सासऱ्यावर, पण सासऱ्याची मिळकत स्वकष्टार्जित असेल तर ती जबाबदारी नुसती नैतिक, कायद्याची नाही. सासरा गेला आणि ती मिळकत वारसांच्या हातात आली की मात्र तीच जबाबदारी वारसांवर कायद्याने बसते. दिरांनी ती नाकारायची आणि बाईने कोर्टात धाव घ्यायची, अशा खटल्यांनी जुने रिपोर्ट भरलेत. तुमच्या खापरपणजोबांनी तो प्रसंगच येऊ नये म्हणून लिहून ठेवलेलं दिसतंय. खोली कुठली ते सांगितलं, लुगडी किती ते सांगितलं, क्रिया कोणी करायची ते सांगितलं, आणि न पाळणाऱ्याला देवघराचा धाक घातला. मला हे वारलेल्या मुलाच्या बायकोसाठी लिहिल्यासारखं वाटतं. वंशावळीत दोन मुलगे आहेत ते जगलेले दोन. तिसरा होता का ते शोधा.

ग्वाल्हेरची_माई

वकीलसाहेबांचं पटतं पण बहीणही असू शकते ना? आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पणजोबांच्या घरी त्यांची बालविधवा बहीण जन्मभर होती, सासरच्यांनी पाठवून दिलेली. वंशावळीत तिचा पत्ता नाही कारण मुली लिहायच्याच नाहीत. आम्हाला ती सापडली रेशनच्या नाही तर किराण्याच्या जुन्या वहीत, आत्यासाठी उपासाचं सामान असं वेगळं लिहिलेलं असायचं. म्हणून ताई, नुसतं मृत्युपत्र घेऊन बसू नका, त्या रुमालातल्या जमाखर्चाच्या वह्या नीट चाळा. वर्षाला दोन लुगडी द्यायची म्हणजे ती कुठेतरी खर्ची पडलीच असणार.

मोडी_वाचक_दांडियाबाजार

माईंचा मुद्दा चांगला आहे, वह्या बघाच. पण बहीण असती तर तिचं गोत्र सासरचं, तिची क्रिया करायचा पहिला मान सासरच्यांचा. पुत्रवत करावी असं भाच्याला बजावलं जाऊही शकतं, नाही असं नाही, पण थोरल्या दिराने भावजयीची क्रिया करणं जास्त सरळ बसतं. थोरला म्हणजे जगलेल्यांत थोरला, हे पण लक्षात घ्या. वारलेला त्याहून मोठा असेल.

काळ पण बघा कोणता. संवत १९५६ चा छप्पनियाचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, अख्ख्या गुजरातेत माणसं आणि गुरं पटापट मेली, त्याच्या आगेमागे प्लेग. त्या चारपाच वर्षांत कितीतरी घरांतली कर्ती माणसं गेली आणि मागे तरुण बायका राहिल्या. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

बाजवाड्याची नात

इतक्या मनापासून उत्तरं दिलीत, खूप बरं वाटलं. जमेल तितकं बघून घेतलं ते सांगते.

पाठीवर खरंच शिक्का आहे! अर्धा पुसलाय, पण गुजराती अक्षरात नंबर आणि तारीख लागते, आणि साल १९०२ च आहे. शेवटी दोन्ही मुलांच्या सह्या आहेत आणि 'वरील मजकूर मान्य' असं लिहिलंय. साक्षीदार तीन, दोघं बाजवाड्यातले शेजारी, आडनावं ओळखीची आहेत. तिसरा मात्र वस्ती नवसारी असा आहे, आडनाव आमच्या नात्यागोत्यात कुठेच नाही.

बाईच्या कलमात पैशाचा आकडा एकच आहे, तिच्या अंगावरचे दागिने पूर्वी मोडले त्याचे म्हणून तिच्या नावे बाबाशाई शंभर जमा आहेत ते काशीयात्रेला लावावेत असं आहे. हे मी पहिल्या वेळी लिहायचं विसरले नव्हते, ते त्या विरलेल्या ओळीत होतं आणि तिरप्या उजेडात फोटो काढल्यावर मोडीवाल्या काकांना लागलं.

निवृत्त वकील, रावपुरा

दागिने तिचे, म्हणजे स्त्रीधन. ते घरात मोडलं गेलं आणि सासऱ्याने ते तिचं देणं म्हणून लिहून ठेवलं. माणूस सरळ होता. बाबाशाईत आहे म्हणजे दागिने नाणं बदलायच्या आधी मोडले, बाई तोवर घरात होती आणि घर अडचणीत होतं.

नवसारीचा साक्षीदार मला फार महत्त्वाचा वाटतो. नवसारी प्रांत बडोदा संस्थानातच, तिथेही मराठी कारकून-अंमलदारांची घरं होती. शेजारी दोन असताना नवसारीहून माणूस कशाला बोलवायचा? ज्या बाईसाठी इतकं कडक कलम लिहिलं तिच्या माहेरचा कुणी समोर असावा, बाप किंवा भाऊ, म्हणजे उद्या मुलांनी कानावर हात ठेवले तर बोलणारा कुणीतरी असेल. माझ्या वकिलीत लेकीसुनेच्या बाबतीत असं करणारे मोजकेच वडीलधारे बघितले, आणि ज्यांनी केलं त्यांच्या घरात नंतर खटले झाले नाहीत.

दस्त नोंदवलेला आहे तर नक्कल मागून बघा. मृत्युपत्रांची नोंद वेगळ्या पुस्तकात होते, नोंदणी कायद्यात त्याला तीन नंबरचं पुस्तक म्हणतात, आणि लिहिणारा वारल्यावर त्याची नक्कल अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. संस्थानी काळातली पुस्तकं कुठे ठेवलीत ते आधी कोठीच्या कचेरीत विचारा, आणि गुजरात राज्य अभिलेखागाराचं बडोद्याचं कार्यालय आहे तिथेही. नोंदीत तुमच्या घडीवर उडालेली ओळ शाबूत असेल.

सुलभा_इंदूर

एक सुचवू का? कागदपत्रं बघताच आहात पण घरात महालयाची यादी आहे का ते विचारा. पितृपक्षात गुरुजी सगळ्यांची नावं घेऊन तर्पण करतात, त्यासाठी प्रत्येक घरात एक चिठ्ठी असते, बहुतेक पंचांगात नाही तर पोथीत ठेवलेली. त्यात बाप आजोबा पणजोबा, आई आजी पणजी, आईकडचे, मग काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, मुलगी, सासरे, गुरू, सगळे असतात, नाव आणि गोत्र. वंशावळीत ज्यांना जागा नाही ते तिथे असतात, कारण पाणी सगळ्यांना द्यायचं असतं. आणि प्रत्येक पिढी आधीच्या चिठ्ठीवरून उतरवते त्यामुळे जुनी नावं टिकतात.

तुमच्या आजोबांच्या हातची चिठ्ठी मिळाली तर काका म्हणजे पितृव्य ह्या नात्याखाली बघा किती नावं आहेत. वंशावळीप्रमाणे एकच पाहिजे. दोन असली तर वकीलसाहेबांचा तिसरा मुलगा सापडला. आणि बाई बहीण असेल तर ती आजोबांच्या वडिलांची आत्या होईल, मग पणजोबांच्या काळची चिठ्ठी लागेल, ती मिळणं अवघड पण अशक्य नाही.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडेही विचारा. घराण्यातलं कोणी तिथे गेलेलं असलं की त्यांच्या वहीत नोंद असते, गाव आणि आडनाव सांगितलं की काढून देतात. पुरुषांचीच नावं जास्त पण बरोबर कोण आलं होतं तेही कधी कधी लिहितात.

बाजवाड्याची नात

सुलभाताई, काय सांगू, अंगावर काटा आला.

चिठ्ठी आमच्याकडे नव्हती पण माझी एक आत्या तुमच्याच इंदूरला असते, रामबागेत, आजोबांची पूजेची पुस्तकं तिच्याकडे गेली होती. तिला फोन केला, तिने फोटो पाठवला. वहीतलं आखीव पान आहे, आजोबांचं बारीक वळणदार अक्षर, देवनागरीत. पितृव्य म्हणून दोन नावं आहेत. दुसरं आम्हाला माहीत असलेल्या धाकट्या पणजोबांचं. पहिलं कुणी कधी न ऐकलेलं. आणि दोन्ही नावांपुढे सपत्नीक लिहिलंय, म्हणजे चिठ्ठी लिहिली तोवर दोघांच्या बायका पण गेलेल्या. बायकांची नावं मात्र लिहिलेली नाहीत.

आजोबांना आपला हा काका आठवणं शक्यच नाही, त्यांच्या जन्माच्या आधीच गेलेला. तरी दरवर्षी त्याचं नाव घेत होते. वडिलांनी पुढे पक्ष करणं सोडलं आणि नाव तिथेच थांबलं.

जमाखर्चाच्या वहीतही एक सापडलं. १९१० च्या पुढची एक वही आहे त्यात चैत्रात आणि दिवाळीला 'वहिनीस लुगडे' अशी नोंद आहे, पणजोबांच्या हातची. धाकट्या भावाच्या बायकोला पणजोबा वहिनी कशाला म्हणतील? वहिनी म्हणजे मोठ्या भावाचीच बायको. म्हणजे वडील गेल्यावर निदान काही वर्षं तरी त्यांनी शब्द पाळला होता. हे वाचून मी किती वेळ तशीच बसून होते.

पण आता दुसरी अडचण. पुण्याच्या काकांना सगळं कळवलं तर ते म्हणतात पुरावा पक्का नाही, आणि निपुत्रिक शाखा आहे, पुढे कुणी नाही, पान वाढवून काय करायचं. मला हे अजिबात पटत नाहीये पण ते मोठे आहेत, वाद घालायचा नाहीये. काय करावं?

ग्वाल्हेरची_माई

वाद नको घालू, पण सोडू पण नको बाई. ज्या माणसाने मृत्युपत्रात तिची खोलीसुद्धा ठरवून दिली त्याला ती घरातली वाटत होती, मग आपण कोण तिला बाहेर ठेवणारे. काकांना मृत्युपत्रातलं ते कलम टाइप करून पाठव, पूर्ण, जसंच्या तसं. तुझं म्हणणं नको पाठवूस, त्यांच्या पणजोबांचं म्हणणं पाठव.

निवृत्त वकील, रावपुरा

माईंनी नेमकं सांगितलं. त्यात माझी एक भर. कुलवृत्तांतात निपुत्रिक लोकांच्या नोंदी सर्रास असतात, त्याला पान वाढत नाही, एक ओळ वाढते. पुराव्याचं म्हणाल तर जे सिद्ध आहे ते सिद्ध म्हणून लिहा आणि तर्क तो तर्क म्हणून लिहा. मुलगे तीन होते हे महालयाच्या यादीवरून दिसतं, त्यातला मोठा आधी वारला हे 'वहिनीस लुगडे' वरून दिसतं, आणि मृत्युपत्रातली गं. भा. ती हीच, हा मात्र अजून अंदाज आहे, दाट अंदाज. तीन कागद तीन वेगळ्या हातांचे आणि तीन वेगळ्या कामांसाठी लिहिलेले आहेत, एकमेकांना बघून कुणी लिहिलेले नाहीत, आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. माझ्या अनुभवात कोर्टातसुद्धा ह्याहून कमी पुराव्यावर नाती मान्य झालेली बघितलीत.

नोंद करताना त्या मुलाला क्रमाने पहिला घाला, जन्ममृत्यूची सालं रिकामी ठेवा, खाली पत्नी म्हणून तिचं मृत्युपत्रातलं नाव, पुढे प्रश्नचिन्ह, आणि कुठल्या कागदावरून घेतलं ते. प्रश्नचिन्ह असलं तरी नाव छापलं जाईल, आणि नाव छापलं गेलं तरच कधीतरी कुणीतरी पुढचा दुवा घेऊन येईल. तिच्या माहेरच्यांच्या वंशावळीत ती माहेरच्या नावाने असेल, मुलीची नोंद केली असेल तर.

मोडी_वाचक_दांडियाबाजार

हे फार महत्त्वाचं, लग्नात नाव बदलायचे. मृत्युपत्रात आहे ते सासरचं नाव. नवसारीच्या घराण्यात त्या नावाची मुलगी शोधत बसलात तर मिळणार नाही, बडोद्याला बाजवाड्यात दिलेली आणि लवकर विधवा झालेली मुलगी असं शोधा, साधारण १८७० ते १८८५ च्या दरम्यान जन्मलेली. फाटकी पत्रिका सापडली म्हणालात ना, ती कुणाची आहे ते बघितलंत का? जन्मकाळ आणि शक वाचता आला तर मला फोटो पाठवा, मोडीत असली तरी वाचून देतो.

बाजवाड्याची नात

पत्रिकेचा फोटो पाठवलाय काका, वरचा कोपराच नाहीये पण शके १७९ पर्यंत दिसतंय, पुढचा आकडा फाटलाय. म्हणजे १८६८ ते १८७८ मधली कुणाची तरी. पणजोबांची असेल तर काही उपयोग नाही, पण त्यांची पत्रिका आमच्याकडे वेगळी आहे असं वडील म्हणतात, ती शोधतेय.

काकांना कलम टाइप करून पाठवलं, बरोबर चिठ्ठीचा आणि वहीच्या पानाचा फोटो. त्यांचं रात्री उत्तर आलं, प्रश्नचिन्हासह नोंद घेतो म्हणाले, आणि मृत्युपत्राचं तिसरं पान फोटो म्हणून छापूया असं स्वतःहून म्हणाले. अभिलेखागारात अर्ज द्यायला वडिलांना बरोबर घेऊन जाणार आहे.

नवसारीकडचं किंवा मूळचं नवसारीचं कुणी मराठी इथे असेल, किंवा कुणाच्या ओळखीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साक्षीदाराचं आडनाव आणि बाईचं नाव तिथे सांगते.